बीसी-३४८ हाती आलाय: आधी मीटर लावा, वीज सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या बाजारात दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन विमानी रिसीव्हर बीसी-३४८-आर मिळाला आहे. मागच्या मूळ प्लगच्या जागी कुणीतरी साधी दोन तारांची वायर आणून सोडली आहे. डायनॅमोटर (विमानाच्या २८ व्होल्टपासून उच्च व्होल्टेज करणारे फिरते यंत्र) जागेवर आहे, पण त्याच्या तारा कापलेल्या आहेत. ट्यूनिंगची मूठ जड फिरते. घरच्या २३० व्होल्टवर लावून पाहावा का, सगळे व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या किंवा धातूच्या नळ्या) बदलावे लागतील का, आणि यावर आकाशवाणी लागेल का?

लगेच द्यायची उत्तरे: २३० वर मुळीच लावू नका. व्हॉल्व्ह बहुधा बदलावे लागणार नाहीत. आणि मध्यम लहरींवरची आकाशवाणी या संचावर लागणारच नाही, तो अगदी ठणठणीत झाला तरी. कारणे खाली सविस्तर देतो, कारण कारण कळले नाही की माणूस नको तिथे कटर घालतो. या संचांची खरी नासधूस युद्धात झाली नाही. युद्धानंतर ते भंगाराच्या भावात निघाले, आणि घरच्या विजेवर चालावेत म्हणून पुढच्या मालकांनी त्यांची वायरिंग बदलली. त्यामुळे पहिले काम दुरुस्तीचे नाही. तुमच्या आधीच्या माणसाने आत काय करून ठेवले आहे ते शोधणे, हे पहिले काम.

हा संच नेमका काय आहे

बीसी-३४८ हा बी-१७, बी-२४ आणि बी-२९ या बाँबफेकी विमानांत रेडिओ ऑपरेटरच्या टेबलावर असायचा. १९४४ मध्ये खरगपूर, चाकुलिया भागातल्या धावपट्ट्यांवरून बी-२९ उडत होती, तेव्हा हे संच आपल्याकडे नवखे नाहीत. मॉडेलच्या शेवटच्या अक्षराला महत्त्व आहे. जे, एन आणि क्यू ही तीन वेल्स-गार्डनर कंपनीची. त्यांत आतली रचना बदललेली आहे आणि ६एसके७, ६एसए७ असे डोक्यावर टोपी नसलेले व्हॉल्व्ह आहेत. तुमचा आर हा बेलमाँटचा, जुन्या रचनेचा. त्यात आठ व्हॉल्व्ह असतात: दोन आरएफ पायऱ्यांना (अँटेनाचा सिग्नल वाढवणाऱ्या) ६के७, ऑसिलेटरला ६सी५, मिक्सरला ६जे७, पहिल्या आयएफला (मिक्सरनंतरच्या ठरावीक मधल्या वारंवारितेच्या पायरीला) ६के७, दुसऱ्या आयएफ आणि बीएफओला (मोर्स ऐकण्यासाठीच्या ऑसिलेटरला) मिळून ६एफ७, तिसऱ्या आयएफ आणि डिटेक्टरला ६बी८, आणि शेवटी आउटपुटला ४१. सर्किटचा नकाशा मिळवाल तो आर किंवा त्याच गटातल्या मॉडेलचा मिळवा. क्यूचा नकाशा समोर ठेवून आर दुरुस्त करायला बसलात तर दोन दिवस वाया जातील.

पट्टे सहा आहेत: २०० ते ५०० किलोहर्ट्झ, मग १.५ ते ३.५, ३.५ ते ६, ६ ते ९.५, ९.५ ते १३.५ आणि १३.५ ते १८ मेगाहर्ट्झ. मधे ५०० किलोहर्ट्झ ते १.५ मेगाहर्ट्झ ही जागा कोरी आहे. पुण्याची ७९२ आणि मुंबईची १०४४ किलोहर्ट्झची आकाशवाणी बरोबर त्या कोऱ्या जागेत बसते. संचाची आयएफ ९१५ किलोहर्ट्झ आहे आणि कोणताही सुपरहेट (मधल्या वारंवारितेवर चालणारा रिसीव्हर) स्वतःच्या आयएफवरचे स्टेशन नीट घेऊ शकत नाही, म्हणून ती वारंवारिता न वापरायच्या पट्ट्यात ठेवलेली आहे. एवढी उंच आयएफ ठेवण्याचा फायदा असा की प्रतिमा-वारंवारिता (जिथून नको ते दुसरे स्टेशन आत शिरते ती जागा) १.८३ मेगाहर्ट्झ लांब जाते, आणि दोन आरएफ पायऱ्या तिला वरच्या पट्ट्यातही चांगले रोखतात. मध्यम लहरी लागत नाहीत म्हणून चांगला संच ‘मेलेला’ समजून आयएफ कॉइलचे स्क्रू फिरवणारे बरेच जण असतात. तुम्ही ते करू नका.

पहिली मोजमापे, वीज न लावता

संच पेटीतून बाहेर काढा. चारही बाजूंनी आणि खालून भरपूर उजेडात फोटो घ्या, अगदी प्रत्येक वायर ओळखता येईल इतके. चॅसीवर ‘एमएफपी’ असा शिक्का आणि तारीख दिसली, तर तो ओल-बुरशीपासून बचावाचा लेप आहे. त्या काळच्या काही लेपांत पाऱ्याचे संयुग असायचे. तेव्हा तो पॉलिश पेपरने घासू नका. सोल्डरिंग करताना त्याचा धूर निघतो, म्हणून खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेने. घासायचाच असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने, जोडाच्या जागेपुरता.

आता सगळ्यात महत्त्वाचे मोजमाप. मूळ रचनेत व्हॉल्व्हचे हीटर ६.३ व्होल्टचे, चार-चारच्या दोन माळांत, म्हणजे २५.२ व्होल्ट अधिक थोडी उतार अशा हिशेबाने विमानाच्या २८ व्होल्टवर चालतात. घरगुती रूपांतर करणारे हे हीटर सुटे करून सगळे ६.३ व्होल्टवर समांतर जोडायचे. असा बदललेला संच तुम्ही भाबडेपणाने २८ व्होल्टवर लावलात तर आठही व्हॉल्व्ह एका क्षणात जातात, आणि त्यातला ६एफ७ परत मिळवणे सोपे नाही.

म्हणून मल्टिमीटर ओहमवर ठेवा. डायनॅमोटरच्या तारा सुट्या आहेत याची खात्री करा, कारण त्याचे वाइंडिंग इतके कमी ओहमचे असते की मोजमाप फसते. समोरचा स्विच ‘ऑफ’वरून ‘एमव्हीसी’वर (आवाज हाताने कमी-जास्त करायची जागा) आणा आणि २८ व्होल्टची तार व चॅसी यांमध्ये मोजा. गार हीटर साधारण ३ ते ४ ओहम दाखवतो. चारांची माळ १२ ते १६, दोन माळा समांतर म्हणजे ६ ते ८, आणि मालिकेतला उताराचा रेझिस्टर असल्यास आणखी थोडे. तेव्हा ६ ते १० ओहम आले तर वायरिंग मूळ आहे. १ ओहमच्या आत आले तर कुणीतरी सगळे समांतर केले आहे. त्याला ६.३ व्होल्टच द्यायचे, सात व्हॉल्व्हांचे ०.३ आणि ४१चे ०.४ मिळून २.५ अँपिअर. १२ ते १६ आले तर एक माळ तुटलेली आहे. दिवाळीच्या माळेतला एक दिवा गेला की सगळी विझते तसेच. मग एकेक व्हॉल्व्ह काढून हीटरच्या पिना मोजा. पुष्कळदा हीटर शाबूत असतो आणि सॉकेटची क्लिप गंजलेली असते.

दुसरे मोजमाप हाय टेन्शनच्या (व्हॉल्व्हच्या प्लेटला जाणाऱ्या उच्च व्होल्टेजच्या) तारेचे. त्या तारेपासून चॅसीपर्यंत २० किलोओहमच्या खाली वाचन आले तर कुठला तरी कंडेन्सर शॉर्ट आहे आणि तो सापडेपर्यंत पुढे जायचे नाही.

तिसरे, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे प्रायमरी तुटलेले नाही ना ते. ४१ची प्लेट आणि हाय टेन्शन यांमध्ये काही शे ओहम दिसले पाहिजेत. ते उघडे असताना वीज दिली, तर प्लेटला व्होल्टेज नसते, सगळा भार स्क्रीन ग्रिड घेते आणि व्हॉल्व्ह आतून लाल होतो.

कंडेन्सर: इथे मोजत बसू नका, बदला

एरवी माझे मत असे की मोजून खराब ठरल्याशिवाय काही काढू नये. पेपर कंडेन्सर मात्र अपवाद. ऐंशी वर्षांत कागदात ओल शिरलेली असते, आणि मीटरवर ‘०.१ मायक्रोफॅरड, ठीक’ दिसणारा कंडेन्सर २०० व्होल्टवर गळतो. मल्टिमीटर एक-दोन व्होल्टवर मोजतो, म्हणून त्याला ती गळती दिसत नाही.

गळतीचे नुकसान किती, ते कुठल्याही आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर उदाहरण म्हणून पाहा. आधीच्या पायरीच्या प्लेटवर १०० व्होल्ट आहेत, कपलिंग कंडेन्सरची गळती १० मेगोहमची आहे आणि ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओहमचा आहे असे धरा. ग्रिडवर साडेचार व्होल्ट धन चढतात. बायस (ग्रिडचे ऋण व्होल्टेज) तेवढा कमी झाला की व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो, तापतो, आवाज फाटतो आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर जळतो. ट्रान्सफॉर्मर पुन्हा वाइंड करून घेण्यापेक्षा पंधरा-वीस रुपयांचा कंडेन्सर स्वस्त. म्हणून ४१च्या ग्रिडकडे जाणारा कंडेन्सर सगळ्यांत आधी बदला. दुसरा क्रम एव्हीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या) लाइनवरच्या कंडेन्सरांचा: तिथले रेझिस्टर मेगोहमचे असल्याने जराशी गळतीही एव्हीसीचे व्होल्टेज खाऊन टाकते आणि जवळची जोरदार स्टेशने चिरकतात. त्यानंतर स्क्रीन बायपास.

या मॉडेलात बायपास कंडेन्सर पत्र्याच्या डब्यांत, एका डब्यात दोन-तीन असे बसवलेले आहेत. दोन मार्ग आहेत. डबा जागेवर ठेवून त्याच्या टर्मिनलवरच्या तारा सोडवायच्या आणि चॅसीखाली नवे फिल्म कंडेन्सर लावायचे. किंवा डबा काढून, खालचा भाग उघडून, जुना माल बाहेर काढून नवे आत भरायचे. दुसरा मार्ग दिसायला सुंदर, पण तेलाने भरलेल्या त्या काळच्या डब्यांत पीसीबी हे विषारी रसायन असू शकते, म्हणून तेलकट डबा उघडूच नका. पहिल्या मार्गाने जा. दोन्ही मार्गांत एक चूक सर्रास होते: जुना न सोडवता नवा त्याच्या समांतर लावणे. त्याने गळती तशीच राहते. जुन्याचे एक टोक तरी सुटलेच पाहिजे.

नवे घ्यायचे ते पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर फिल्मचे, ६३० व्होल्टचे. मूल्य नकाशाप्रमाणे. लॅमिंग्टन रोडवर ०.०१, ०.०४७ आणि ०.१ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टमध्ये सहज मिळतात, मूळ ०.०५ असेल तिथे ०.०४७ चालतो. पाय आखूड ठेवा, विशेषतः आरएफ आणि ऑसिलेटरच्या भागात, आणि ज्या ग्राउंड बिंदूवर जुना जोडलेला होता त्याच बिंदूवर नवा जोडा. जवळचा म्हणून दुसरा बिंदू घेतलात तर वरच्या पट्ट्यांत संच शिट्टी मारू लागतो. चपटे मायका कंडेन्सर हात न लावता राहू द्या. ते क्वचितच बिघडतात आणि ऑसिलेटरच्या ट्यूनिंगचा हिशेब त्यांच्यावर आहे.

रेझिस्टर मोजा. त्या काळचे कार्बनचे रेझिस्टर वयाने वर सरकतात. २० टक्क्यांच्या पुढे गेलेले बदला, बाकीचे ठेवा. एक पाय सोडवून मोजा, नाहीतर समांतर मार्गांमुळे वाचन कमी दिसते आणि वर सरकलेला रेझिस्टर बरोबर वाटतो. सोल्डर ६०/४० शिशाचेच वापरा.

वीज कशी द्यायची

मूळ डायनॅमोटर डीएम-२८. त्याला २८ व्होल्ट दिले की त्याची मोटर फिरते आणि त्याच आर्मेचरच्या दुसऱ्या वाइंडिंगमधून २२० व्होल्ट, ७० मिलिअँपिअर निघतात. तो काढून टाकू नका. तो संचाचा भाग आहे, आणि चालवायचा नसला तरी जागेवर राहू द्या. रोजच्या वापराला मात्र वेगळ्या डब्यात पॉवर सप्लाय बनवा आणि त्याच्या तारा डायनॅमोटर जिथे जोडायचा त्याच टर्मिनलवर आणा. संचाच्या आत एकही भोक पाडावे लागत नाही, आणि पुढे कधी डायनॅमोटर चालवावासा वाटला तर दोन तारा हलवल्या की झाले.

वाइंडिंगवाल्याकडून एक ट्रान्सफॉर्मर करून घ्या: प्रायमरी २३० व्होल्ट, एक सेकंडरी १८० व्होल्ट, १५० मिलिअँपिअर, दुसरी २४ व्होल्ट, २ अँपिअर. प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याचा स्क्रीन घालायला सांगा. तो चॅसीला जोडला की घरातल्या वायरिंगमधून येणारी खरखर बरीच कमी होते.

हाय टेन्शनसाठी चार १एन४००७चा ब्रिज, मग ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट, मग ४७० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर, मग आणखी एक ४७ मायक्रोफॅरड, आणि त्यावर १०० किलोओहम २ वॅटचा ब्लीडर (बंद केल्यावर कंडेन्सर उतरवणारा रेझिस्टर). १८०चे शिखर २५४ व्होल्ट, भाराखाली ते २४०च्या आसपास येते, ६० मिलिअँपिअरला रेझिस्टरवर २८ व्होल्ट पडतात, आणि संचाला २१० ते २२० मिळतात. जास्त आले तर रेझिस्टर वाढवा. कमी आले तर काही करू नका, २०० व्होल्टवरही हा रिसीव्हर छान चालतो.

हीटरसाठी २४ व्होल्टचा ४ अँपिअरचा ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट, आणि मालिकेत ३.९ ओहम १० वॅट. ०.८ अँपिअरच्या भाराला जवळपास २८ व्होल्ट डीसी मिळतो. पहिल्यांदा रेझिस्टर जरा मोठा लावून, हीटर तापल्यावर व्होल्टेज मोजून मग जुळवा. मेन्स २४० असेल त्या घरात आणि २१५ असेल त्या घरात फरक पडतो. थेट एसी देऊनही हीटर पेटतात, पण माळेच्या वरच्या टोकाचे व्हॉल्व्ह चॅसीपासून वीस-पंचवीस व्होल्ट एसीवर बसतात आणि आवाजात घूं शिरते. २४ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) वर ओढून हीटरला लावणारेही आहेत. काम भागते, पण शॉर्टवेव्ह रिसीव्हरशेजारी एसएमपीएस ठेवणे म्हणजे गाणे ऐकायला बसून कुकर लावणे.

या सप्लायमध्ये दोन गोष्टी जपा. पहिली: हाय टेन्शनची ऋण तार सप्लायच्या डब्यात अर्थ करू नका, तिची स्वतंत्र तार संचापर्यंत न्या. या मालिकेतल्या काही मॉडेलांत ऋण बाजू थेट चॅसीला नसून रेझिस्टरमधून जाते आणि त्या रेझिस्टरवरच्या व्होल्टेजमधून ग्रिडचा बायस मिळतो. डब्यात अर्थ केलीत की तो रेझिस्टर शॉर्ट होतो, बायस शून्य, आणि सगळे व्हॉल्व्ह जादा करंटवर. दुसरी: चालू-बंद स्विच सप्लायच्या प्रायमरीत ठेवा. संचाचा ‘ऑफ’ हीटर विझवतो, पण बाहेरून आलेले हाय टेन्शन तसेच राहते.

मेन्सला तीन पिनांचा प्लग, अर्थ डब्याला आणि संचाच्या चॅसीला पक्का, आणि ५०० मिलिअँपिअर स्लो-ब्लो फ्यूज. २२० व्होल्ट डीसीचा झटका हात सोडत नाही. सप्लाय चालू असताना आत मोजायचे तर एक हात खिशात. बंद केल्यावर ब्लीडरवर विसंबून राहू नका, कंडेन्सर १० किलोओहमच्या रेझिस्टरने उतरवा आणि मीटरने शून्य पाहा.

पहिल्यांदा चालू करताना

सप्लायच्या मेन्सला सिरीज बोर्ड लावा, त्यात ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब. एलईडी बल्ब इथे चालत नाही. आधी हाय टेन्शन न जोडता फक्त हीटर. धातूच्या व्हॉल्व्हचे हीटर दिसत नाहीत. पाच मिनिटांनी बोटाने स्पर्श करून पाहा, सगळे कोमट हवेत. ६एफ७ आणि ४१ काचेचे आहेत, त्यांची लाली दिसते.

मग हाय टेन्शन जोडा आणि ४१वर नजर ठेवा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. भक्क पेटून राहिला तर लगेच बंद. सगळे ठीक असेल तर सिरीज बोर्ड काढा आणि मोजा: ४१च्या प्लेटवर हाय टेन्शनपेक्षा दहा-पंधरा व्होल्ट कमी, त्याच्या ग्रिडवर कॅथोडच्या तुलनेत ऋण, आरएफ आणि आयएफच्या स्क्रीनवर हाय टेन्शनच्या निम्म्याच्या आसपास. एखाद्या स्क्रीनवर १०-२० व्होल्टच दिसले तर तिथला बायपास राहून गेला आहे किंवा रेझिस्टर उघडा झाला आहे.

सगळे व्होल्टेज बरोबर आणि तरीही पूर्ण शांतता, हे या संचात फार होते. विमानात ट्रान्समीटर चालू असताना रिसीव्हर मूक व्हावा म्हणून मागच्या प्लगमधून दोन पिना बाहेर नेलेल्या आहेत. त्या बाहेर जोडलेल्या नसतील तर संच बोलत नाही. तुमच्याकडे मूळ प्लगच उडवलेला आहे, तेव्हा नकाशात त्या दोन तारा शोधून आपसात जोडा. दुसरे कारण हेडफोन. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ३०० आणि ४००० ओहम असे दोन टप्पे आहेत. मोबाइलचे ३२ ओहमचे हेडफोन किंवा ८ ओहमचा स्पीकर थेट लावलात तर जेमतेम कुजबुज येईल. मधे जुळणारा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. सार्वजनिक घोषणांच्या स्पीकरचा लाइन ट्रान्सफॉर्मर उलटा लावूनही काम होते.

आता १० ते १५ मीटर तार ‘ए’ला, अर्थ ‘जी’ला. ‘अँट अलाइन’ची मूठ हळू फिरवा. एका जागी खरखर स्पष्ट चढून पुन्हा उतरली पाहिजे. प्रत्येक पट्ट्यावर ही परीक्षा घ्या. चढ-उतार नाही, म्हणजे पहिली आरएफ पायरी मेलेली किंवा बँड स्विचचा संपर्क घाण. एकच पट्टा मुका असेल तर स्विच. वरचे दोन पट्टे मुके आणि खालचे चालू असतील तर ६सी५ थकलेला. वरच्या वारंवारितेला ऑसिलेटर आधी दम सोडतो. खात्रीसाठी दुसरा शॉर्टवेव्ह रेडिओ शेजारी ठेवा आणि डायलवरच्या आकड्याच्या ०.९१५ मेगाहर्ट्झ वर लावा. ऑसिलेटर जिवंत असेल तर तिथे वाहक ऐकू येतो.

जड मूठ, व्हॉल्व्ह, डायनॅमोटर

जड मूठ म्हणजे वाळून गुळासारखे झालेले ग्रीस. जोर लावू नका. दात तुटले तर बदली मिळत नाही. ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल गिअरवर आणि बेअरिंगवर लावा, दहा मिनिटे थांबा, मूठ थोडी मागेपुढे करा, पुसा, पुन्हा लावा. चार-पाच वेळा केले की मोकळी होते. मग शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सुईच्या टोकाने. डब्ल्यूडी-४०चा फवारा मारू नका, तो गँग कंडेन्सरच्या (ट्यूनिंगच्या) पात्यांवर आणि स्विचच्या वेफरवर जाऊन धूळ धरतो. गिअरमधले जोडदाते स्प्रिंगने ताणलेले असतात. उघडायची वेळ आलीच तर आधी दातांवर खुणा करा. बँड स्विचला कॉन्टॅक्ट क्लीनर ब्रशनेच, आणि स्विच वीस-पंचवीस वेळा फिरवा.

व्हॉल्व्ह टिकाऊ आहेत आणि बरेचदा पहिलेच चालतात. ६के७, ६जे७, ६सी५ अजून मिळतात. धातूचेच घ्या, काचेचा ‘जी’ प्रकार उंच असतो आणि त्याला शील्ड लागते. ४१ नाही मिळाला तर ६के६जीटी विजेच्या दृष्टीने तोच आहे, फक्त बैठक ऑक्टल. ६एफ७चा ऑक्टल भाऊ ६पी७जी. बैठक बदलायची तर संचाचे सॉकेट कापू नका, फुटक्या व्हॉल्व्हच्या बुडापासून अडॅप्टर करा.

डायनॅमोटर चालवायचा असेल तर दोन्ही टोकांची झाकणे काढा, ब्रश कुठल्या बाजूचा आणि कुठल्या दिशेने होता ते लिहून काढा, कॉम्युटेटर स्पिरिटने पुसा. फारच काळा असेल तर बारीक सँडपेपर. एमरी पेपर नको, त्याची पूड वीज वाहते आणि फटींत बसते. बेअरिंगचे जुने ग्रीस धुवून नवे भरा. पहिल्यांदा भार न जोडता १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरवा. आवाज एकसारखा हवा, करकर नको. मग दोन बॅटऱ्या मालिकेत. सुरू होताना तो नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, म्हणून छोटा सप्लाय दचकून बंद पडतो, बॅटरीच बरी.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी

वरचे सगळे झाल्यावर संच आठवडाभर वापरा, मगच स्क्रूड्रायव्हर घ्या. बहुतेक वेळा गरज पडत नाही. पडलीच तर आयएफ ‘बरोबर ९१५’ला नाही, संचातल्या क्रिस्टलला (अरुंद पट्टाच पुढे सोडणाऱ्या फिल्टरला) जुळवायची. सिग्नल जनरेटर ९१५च्या आसपास ठेवा, ‘क्रिस्टल इन’ करा, जनरेटर अतिशय हळू सरकवून आवाज टोकाला नेणारी वारंवारिता शोधा आणि तिच्यावर आयएफच्या कॉइल जुळवा. उलट केलेत, तर क्रिस्टल घातला की सिग्नल नाहीसा होतो. त्यानंतर प्रत्येक पट्ट्याच्या वरच्या टोकाला आधी ऑसिलेटरचा ट्रिमर, मग आरएफचे. स्क्रू प्लॅस्टिकच्या हत्याराने फिरवा, आणि मूळ जागेची खूण रंगाने करून ठेवा.

ऐकायला काय आहे? ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवरचे वेळेचे ठोके डायल तपासायला उत्तम. सकाळच्या वेळी ७ ते ७.२ मेगाहर्ट्झवर हॅम (हौशी रेडिओवाली) मंडळी एलएसबीवर (एसएसबी, म्हणजे एकाच बाजूपट्ट्याच्या प्रक्षेपणाचा एक प्रकार) बोलतात: ‘एमव्हीसी’वर या, ‘सीडब्ल्यू ऑस्क’ चालू करा, व्हॉल्यूम उतरवा आणि ‘बीट फ्रिक्वेन्सी’ने आवाज माणसासारखा होईपर्यंत जुळवा. ‘सीडब्ल्यू ऑस्क’ बंद ठेवून एसएसबी ऐकायला गेलात तर बदकासारखे ऐकू येईल; दोष संचाचा नाही. शहरात एलईडी दिवे, सोलर इन्व्हर्टर आणि पंख्याचे रेग्युलेटर यांची खरखर जोरात असते. घरचा मेन स्विच बंद करून, संच बॅटरी आणि डायनॅमोटरवर चालवून पाहिलात, तर त्यातली किती आपल्याच घरातली हे कळते.

हा फक्त रिसीव्हर आहे. पुढे ट्रान्समीटरसकट संच घ्यायचा विचार असेल तर आधी हॅमचा परवाना घ्या. भारतात त्याशिवाय ट्रान्समीटर चालवता येत नाही. आणि तेजस्वी हिरवट अंकांचे लष्करी मीटर किंवा कंट्रोल बॉक्स हाती आले तर ते उघडू नका. त्या रंगात रेडियम असू शकते. रंग विझला तरी किरणोत्सर्ग राहतो आणि त्याची पूड श्वासात जाणे वाईट.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास संच चालू ठेवा. व्हॉल्व्हच्या उष्णतेने आतली ओल निघते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, जुनी सुती चादर पुरते.